किट तपासायला बसले आणि पकडली गेली आमचीच ट्यूब

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्टॅफ ऑरियस हा जखमा पिकवणारा जंतू ओळखायला वर्षानुवर्षं ट्यूब कोअ‍ॅग्युलेज. सशाच्या प्लाझ्मात जंतू घालून 37 डिग्रीला ठेवायचे, गाठ धरली तर ऑरियस, आणि रिझल्ट दुसऱ्या दिवशी सकाळी. मग एकजण लॅटेक्सचं किट ठेवून गेला, कार्डावर लॅटेक्सच्या थेंबात जंतू कालवायचे, दाणे धरले तर ऑरियस, 20 सेकंदात उत्तर म्हणे. मॅडम म्हणाल्या, तूच व्हॅलिडेट कर (म्हणजे जुन्या टेस्टशी ताडून बघ), एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) ऑडिटला कागद लागतील. पत्करलं.

जपून ठेवलेले 50 स्ट्रेन (स्टॅफचे वेगवेगळे नमुने) काढले, कुठला कोणता ते मला कळू नये म्हणून मैत्रिणीकडून नुसते नंबर टाकून घेतले. आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. सगळेच पॉझिटिव्ह! काळ्या कार्डावर नासलेल्या दुधासारखे दाणे, एटीसीसी 12228 एपिडर्मिडिस हा प्रमाणित स्टॅफ म्हणजे आमचा निगेटिव्ह कंट्रोल, जो निगेटिव्हच यायला हवा, तोसुद्धा! किटला मनसोक्त शिव्या घातल्या, नंतर ट्यूब पेटली की मी कॉलन्या (जंतूंचे ठिपके) मॅनिटॉल सॉल्ट अगार या जंतू वाढवायच्या जेलीवरून उचलल्यात, त्यात साडेसात टक्के मीठ, तिथले जंतू आपले आपणच गोळा होतात. कंट्रोल लॅटेक्स (ज्यात दाणे धरायलाच नकोत) लावलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, पण थेंब वाचवायला गेले ना (कंजूषपणा नडतो तो असा).

ब्लड अगारवर वाढवून परत केलं. बाकी सगळं जुळलं, दोन अडले. दोन्ही लॅटेक्सला पॉझिटिव्ह, ट्यूबला निगेटिव्ह. एक युरिनमधला होता, नोवोबायोसिन या अँटिबायोटिकची डिस्क लावली तर रेझिस्टंट, म्हणजे सॅप्रोफायटिकस हा वेगळा स्टॅफ, तो लॅटेक्सला फसवतो हे माहीत होतं. दुसरा मात्र पटेना, प्लेटवर तर चांगला सोनेरी, हिमोलिसिसवाला (भोवतीच्या रक्तपेशी फोडणारा) ऑरियस दिसतोय. परत ट्यूब लावली आणि या वेळी दर तासाला उठून बघत बसले. चौथ्या तासाला ट्यूब आडवी केली तर आत खरवसासारखी गच्च गाठ. सकाळी बघते तर पाणी! काही ऑरियस स्वतःच केलेली गाठ स्टॅफिलोकायनेज या एन्झाइमनं विरघळवतात, म्हणून तर पुस्तकात 4 तासांनी बघा लिहिलंय, आणि आम्ही संध्याकाळी जाताना ट्यूब लावून थेट सकाळी वाचणारे.

मॅडमना दोन्ही ट्यूब नेऊन दाखवल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, जुनं रजिस्टर मागवलं फक्त.

किट घेतलं, पण युरिनच्या स्टॅफला अजून ट्यूब आणि नोवोबायोसिन दोन्ही लावतो. ट्यूब आता सकाळी 10 ला लागते, आणि 2 चा अलार्म रोज माझ्या डब्याच्या मधेच वाजतो.