फाटक होतं तसं

खोलीच्या दारामागे एकच सूचना चिकटवलेली होती : फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद करून जा. टॉवेल, गरम पाणी, खोली सोडायची वेळ यांबद्दल अवाक्षर नाही. जिथे मेंढ्यांवर घर चालतं आणि पाहुण्यांच्या दोन-चार खोल्या नंतर सुचलेल्या असतात, तिथे आपली जागा अशी लगेच कळते. आधी मेंढ्या, मग कुत्रा, मग आपण.

मी गेलो होतो शांततेसाठी. आडबाजूला शांतता असते, असं मेंढ्या व्यायच्या दिवसांत तिथे न राहिलेल्या माणसालाच वाटू शकतं. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते आणि अख्खा कळप थोड्याच आठवड्यांत मोकळा होतो. त्यामुळे रात्री दोनलाही मेंढवाड्यात कुणाची तरी बॅटरी फिरत असते. नुकती व्यालेली मेंढी पहिल्या काही तासांतच कोकराचा वास पक्का करून घेते. मग दुसरीचं पोर दुधाला आलं, की ढुशी!

त्या सकाळी एकीचं कोकरू दगावलं होतं आणि एक कोकरू पोरकं होतं. मालकांनी मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याला अंगड्यासारखं चढवलं. मेंढीने हुंगलं, पाय आपटला, पुन्हा हुंगलं. आणि पिऊ दिलं. माझ्या हातातला चहा गार झाला. मालक तोवर पुढच्या मेंढीकडे वळलेही होते.

मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. मान न वळवता तिला जवळजवळ मागचंही दिसतं. २००१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनानुसार मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवते. मला त्या चार दिवसांत दोन मेंढ्याही वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. आणि बिनडोक माणसाला आपण मेंढरू म्हणतो!

न्यूझीलंडमध्ये श्रेक नावाचा एक मेरिनो मेंढा कातरणी चुकवून सहा वर्षं गुहांमध्ये लपून राहिला होता. २००४ मध्ये सापडला तेव्हा अंगावर सत्तावीस किलो लोकर! सुट्टी घ्यावी तर अशी. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून चारा टाकायला, पाण्याच्या बादल्या भरायला लागलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं. कुत्रा नुसता मागे उभा राहून बघायचा, आणि मी हलायचो.

निघताना फाटकाशी थांबलो. आलो तेव्हा ते बंद होतं, हे नक्की. आता सताड उघडं. मागे वळून पाहिलं, तर कुत्रा उभा होता आणि विचारावं असं माणूस एकही दिसत नव्हतं.