तिफणीने वाटेवर बी पडत नाही

संडे स्कूलच्या चित्रगोष्टीसाठी पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सोपं काम. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात पेरणाऱ्याचं बी चार जमिनींवर पडतं: वाट, खडकाळ, काटेरी आणि चांगली. म्हणून चार जोडपानं. सुरुवात, शेवट धरून 16 पानं. चारच्या पटीत नसली तर मधोमध पिना मारता येत नाहीत. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा, म्हणजे त्याच चित्रांवर गुजराती आवृत्ती काढताना छपाईची एकच प्लेट बदलते.

घोडं अडलं नगरकडच्या एका गावात, मुलांना पुस्तकाची डमी (नमुना प्रत) दाखवताना. पहिल्याच चित्रावर एक मुलगी म्हणाली, “ह्यो वाटंवर बी कशाला टाकतोय? तिफण न्हाई का ह्याच्याकडं?”

बरोबर होतं तिचं. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाडग्यात, मुठीने बी सोडतात, ते तीन नळ्यांतून फणाने पाडलेल्या तासात, म्हणजे चरीत, जातं. वाटेवर दाणा उडायचा संबंधच नाही. पण समितीच्या सांगण्यावरून चित्रकाराने बैलजोडी, विहीर, हंडा, धोतर-फेटा असं ‘खेडं’ काढून दिलेलं. समितीतल्या बहुतेकांनी खेडं पाहिलंय ते एसटीच्या खिडकीतून.

दाखला पॅलेस्टाइनमधल्या हातपेरणीचा आहे. झोळीतून मूठ भरायची आणि बी फोकत चालायचं. शेतातूनच जाणारी पायवाट लोकांनी तुडवून टणक केलेली, तिच्यावर चार दाणे जाणारच.

दुसऱ्या जमिनीचं चित्र तर साफ चुकलं होतं: गोल धोंड्यांचा ढीग, त्यावर दाणे. मजकूर सांगतो की रोप लगेच उगवलं. धोंड्यावर काय उगवणार? तिकडे चुनखडीचा सलग खडक आणि वर दोन बोटं माती, अशी जमीन असते. पातळ माती लवकर तापते, कोंब झटकन वर येतो, आणि मुळाला खाली जायला जागा नसल्यामुळे उन्हात मान टाकतो. वरून हे दिसतच नाही. म्हणून या पानावर जमीन उभी कापून दाखवावी लागते: वर हिरवीगार रोपं, खाली खडकाला टेकून आडवी वळलेली मुळं. हे पान मात्र शेवटी फार सुंदर झालं.

काटेरी जमिनीत निवडुंग होता, चांगल्या जमिनीत मका. दोन्ही अमेरिकेतून आलेली. येशूच्या काळात तिथे असणं शक्यच नाही.

मग कुणीतरी सुचवलं, पीक ज्वारीचं करू, मुलांना ओळखीचं. ज्वारीच्या एका कणसात हजाराच्या घरात दाणे भरतात. तिथे दाखल्यातल्यासारखं चांगल्या जमिनीत पीक तीसपट, साठपट, शंभरपट आलं म्हटलं की शेतकऱ्याची पोरं म्हणणार, मग पीक बुडालंच की! गव्हाच्या ओंबीत तीस-चाळीस दाणे, एका रोपाला बुडातून दोन-तीन फुटवे, म्हणजे ओंब्या धरणाऱ्या काड्या. तिथे शंभर म्हणजे खरोखर भरघोस. म्हणून गहूच ठेवला, आणि जवळच्या रोपांना फुटवे नीट सुटे काढून घेतले.

फेटा समितीने काढू दिला नाही. मुलांना माणूस ‘आपला’ वाटला पाहिजे म्हणे. तेव्हा ऑलिव्हच्या झाडाशेजारी आमचा फेटेवाला हाताने गहू फोकतोय. निदान हातपेरणी म्हणजे काय, हे शिक्षकांना कळावं म्हणून मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला चार ओळींची जागा मागितली होती. तिथे देणगीदारांची नावं गेली.