आमची वाटचाल : बाराच्या जागी सात

आयटीआयला वायरमन ट्रेड केला आणि चार वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर पाइप ठोकले. २००८ मध्ये स्वतःचं सोलरचं काम काढलं तेव्हा भांडवल म्हणजे एक ड्रिल मशीन, तारेतला करंट मोजणारा एक क्लॅम्प मीटर आणि धाकट्या भावाची मोटरसायकल. विकायला काही नव्हतं, पाणी तापवणाऱ्या सोलर हीटरची दुरुस्तीच करायचो. सोलर हीटर बसवला की पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे गच्च्या हीटरनी भरल्या होत्या. पण बोअरचं पाणी जड. दोन-तीन वर्षांत काचेच्या नळ्यांत क्षार साचायचा, पाणी कोमट यायचं आणि घरोघरी गीझर सुरू व्हायचे. नळी उपसून उलटी केली की खडूसारख्या ढलप्या हातात पडायच्या. आमची पहिली पाच वर्षं त्या ढलप्यांवरच निघाली.

वीज बनवणाऱ्या सोलर पॅनलकडे वळलो २०१७ मध्ये, आणि पहिल्याच सोसायटीत तोंडघशी पडलो. सर्व्हे केला मेच्या मध्यावर. पुण्यात तेव्हा शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. गच्ची लख्ख दिसली, लिफ्टच्या मशीनरूमच्या उत्तरेला रांग लावून मोकळा झालो. डिसेंबरात त्याच दहा फुटी खोलीची सावली भर दुपारी नऊ फूट लांब! सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. एका पॅनलवर सावली आली की सगळी ओळ ढेपाळते. स्ट्रक्चर आमच्या खर्चाने हलवून दिलं. त्या वर्षी नफा नव्हताच.

धंद्याची रीत बदलली ती मात्र एका काकूंमुळे. चोवीस फ्लॅटची जुनी इमारत, काकू सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे मिळून महिन्याला १,४०० युनिट. एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणून मी बारा किलोवॅटचं कोटेशन ठेवलं. त्यांनी ते न उघडताच बाजूला सारलं. म्हणाल्या, "अहो, पॅनल नंतर बघू. आधी सांगा, एवढी वीज जाते कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्याच रात्री अकराला काकू वही घेऊन आणि मी क्लॅम्प मीटर घेऊन जिना चढलो. जुन्या चोकच्या चोवीस ट्यूब संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळत होत्या; चोकसकट एकेक ५५ वॅट. म्हणजे महिन्याला ४७० युनिट नुसत्या जिन्यावर. मग पंपाच्या खोलीत गेलो. पंप बंद होता, तरी पाइपातून गुळगुळ आवाज येत होता. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळत होता. वर चढवलेलं पाणी गुपचूप खालच्या टाकीत उतरायचं आणि वॉचमन पहाटे पुन्हा पंप लावायचा. दिवसा गाड्यांच्या गलबल्यात तो आवाज कुणालाच ऐकू आला नसता.

९ वॅटचे एलईडी आणि नवा व्हॉल्व्ह, एवढ्यावर महिना ८५० युनिटांवर आला. बाराच्या जागी सात किलोवॅट पुरले. भाऊ चिडला, "स्वतःच्या हाताने ऑर्डर कापलीस." खोटं नव्हतं त्याचं. पण समोरच्या दोन सोसायट्यांनी काकूंची वही पाहूनच आम्हाला बोलावलं.

आता कोटेशनआधी रात्रीची फेरी ठरलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली; घरावरच्या सोलरला तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान आणि सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,०००. तेव्हापासून फोन वाढले, तसे फक्त 'अनुदान किती?' विचारणारेही. बिल शून्य होईल असं आम्ही सांगत नाही, वापर कितीही असो, बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो. घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरसाठी एकदा अडीच महिने चकरा मारल्या, त्याबद्दल न बोललेलंच बरं. आज सात जण आहोत. गच्चीवरचं वायरिंग आयटीआयच्या दोन मुली बघतात आणि त्यांचे जोड भावापेक्षा साफ असतात. भावालाही ते मान्य आहे, बोलून दाखवत नाही एवढंच.

काकू अजून दर महिन्याला मीटरच्या रीडिंगचा फोटो पाठवतात. जानेवारीत नव्वद युनिट जास्त दिसले. खाली लिहिलं होतं, "व्हॉल्व्ह बघायला कधी येताय?"