दूध संघ बुडाला, पण नक्की कोणाचा?

गोरेगावला हायवेवरून जाताना महानंद डेअरी दिसते आणि आमच्या हिने विचारलं, "ही बंद पडली ना?" तर बंद नाही पडली, २०२४ मध्ये ती एनडीडीबीकडे, म्हणजे गुजरातमधल्या आणंदला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेली. सरकारने वर सुमारे २५३ कोटी द्यायचं ठरवलं, गुजरातला नेली म्हणून आरडाओरडा झाला, नंतर सगळे विसरले. मुंबईकराला काय, सकाळी दारात पिशवी आली की झालं. अमूल, गोकुळ, वारणा, जी येईल ती.

पण ज्या महासंघाची ती डेअरी, तो १९६७ चा आणि हा प्लांट १९८३ चा. कल्पना साधी होती, गावात सोसायटी, त्यांचा तालुका-जिल्हा संघ आणि सगळ्यांचं मिळून मुंबईत एकच नाव. झालं काय, तर ज्या संघांनी दूध द्यायचं त्यातल्या मोठ्यांनी स्वतःच्याच पिशव्या काढल्या आणि मुंबईत आणून विकायला लागले. त्यात त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू, गोकुळने स्वतःचं नाव केलं म्हणून कोल्हापूरच्या शेतकऱ्याला बरा दर मिळतो. पण या महासंघाकडे शेवटी नोकरभरती, संचालक आणि रिकाम्या टाक्या राहिल्या. लाखांत असलेलं रोजचं संकलन लाख लिटरच्याही बरंच खाली आलं, मग कामगारांचे पगार थकले, मग व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती.

हे मी एवढं का लिहितोय, तर आमच्या गावाकडचा (नगर जिल्हा) तालुक्याचा संघ त्याच्या बराच आधी गेला, नाव घेत नाही कारण अजून भांडणं चालू आहेत. आप्पा म्हणजे माझे चुलते, वीसेक वर्षं त्याच संघाला दूध घालत होते. गावाकडे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. हो, पगारच म्हणतात, बिल कोणी म्हणत नाही. किराणा, पोरांची फी, डॉक्टर, सगळं त्या पगारावर, उसाचे पैसे वर्षातून एकदा आणि कांद्याचं काय सांगावं. आधी एक पगार पुढे गेला, सेक्रेटरी म्हणाला टँकरचं काहीतरी अडकलंय. मग दोन, मग तीन, आणि तरी लोक दूध घालत राहिले. मी फोनवर चिडलो तर आप्पा म्हणाले, "मग काय करू, गाय काय शटर ओढून बंद करता येतीय व्हय? सकाळी पाचला ती हंबरणारच."

खरंच आहे. पिळलं नाही तर कासेला सूज येते, पेंड तर दोन्ही वेळा लागते. आणि पेंड सोसायटीतूनच उधार घेतलेली, ती पगारातून कापायची. म्हणजे संघाकडून येणं थकलं पण पेंडवाल्याचं देणं चालूच. चुलतीने गळ्यातलं ठेवून ते भागवलं हे मला नंतर कळलं, तेही दुसऱ्याकडून.

मग प्रशासक आला, नंतर अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संघाची मालमत्ता विकून देणी भागवायला नेमलेला माणूस. आप्पांना अवसायक म्हणजे कोण हे तहसीलच्या कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याने सांगितलं. संघाची जागा, मशिनरी सगळं बँकेकडे तारण, त्यामुळे आधी बँक, मग बाकीचे. दूधवाल्यांचा नंबर कधी लागणार ते तिथल्या कुणालाच सांगता येईना. आणि सभासद म्हणून तुम्ही मालक बरं का! मतदानाला गाडी घरापर्यंत यायची तेव्हा.

पण मला विचाराल तर बुडालेल्या पगारापेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. संघ होता तोवर गावात आलेल्या खाजगी डेअरीला संघापेक्षा रुपया दोन रुपये जास्त द्यावे लागत, नाहीतर दूध कोण घालणार. संघ गेला आणि वर्षभरात ते जास्तीचे रुपये गायब. आता समोर एकच काटा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा हिशोबाचा पाया, त्याच्या खाली एकेका पॉइंटला कपात. उन्हाळ्यात हिरवा चारा नाही की एसएनएफ घसरतोच, आणि मशीन त्यांचं, चिठ्ठी त्यांची. आप्पांनी मला एक चिठ्ठी व्हॉट्सअपवर पाठवली होती, सकाळी ८.४ आणि संध्याकाळी ८.१, गाय तीच, वैरण तीच. भांडायचं कोणाशी? पूर्वी निदान चेअरमनच्या दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या, तो गावातलाच होता.

२०२३ मध्ये सरकारने ३४ रुपये दर ठरवला, काही महिन्यांत गावात २६-२७ वर आला. मग लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर झालं, तेही आधी फक्त सहकारी संघांसाठी, म्हणजे जिथे बहुतेकांचं दूध जातच नाही तिथे. ओरड झाली तेव्हा खाजगीवाल्यांचं दूधही धरलं. त्यासाठी गाईच्या कानात बिल्ला, तो ऑनलाइन नोंदलेला, खातं आधारला जोडलेलं. आप्पांच्या एका गाईचा बिल्ला बाभळीत अडकून तुटला, तर तिचं दूध बहुतेक सरकारच्या लेखी दूधच नव्हतं. या सगळ्या काळात माझ्या घरच्या पिशवीचा भाव एकदाही कमी झालेला मला तरी आठवत नाही.

आप्पांनी मागच्या दिवाळीनंतर दोन गाया विकल्या, दोन ठेवल्या. धाकटा चुलतभाऊ आता एका खाजगी डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर आहे, रात्री दूध घेऊन भिवंडीकडे येतो, पगार महिन्याला आणि वेळेवर.