ओश आणि अंदिजानमधली रेघ

किर्गिझस्तानातल्या ओशला एमबीबीएससाठी आलेली मराठी मुलं फरगाना खोऱ्याचा नकाशा पाहून चक्रावतात. उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान एकमेकांत असे घुसलेत की सीमा बोटानं गिरवणंही अवघड. स्टालिननं पेन्सिल घेतली आणि तुर्की वंशाच्या लोकांचे तुकडे पाडले, हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण. ते फार तर अर्धं खरं आहे.

झारशाहीनं 1876 मध्ये कोकंदचं राज्य खालसा करून खोरं फरगाना प्रांतात घातलं. वंश-भाषेवरून सीमा आखल्या त्या सोव्हिएत राजवटीनं, 1924 साली. हुकूम मॉस्कोचा, पण गावागावासाठी भांडले ते स्थानिक कम्युनिस्ट पुढारी. वस्ती कोणाची, बाजार नि पाणी कुठलं, कारभार कुठून सोयीचा, या कसोट्या. त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नव्हतं.

ओशचंच घ्या. तेव्हा शहरात बहुसंख्य उझबेक. भोवतालच्या डोंगरात किर्गिझ मेंढपाळ, आणि त्यांचा बाजार हाच. वस्ती पाहिली तर ओश उझबेकांचं. पण मग इथल्या किर्गिझांच्या पदरात शहरच पडत नव्हतं. म्हणून ओश त्यांच्याकडे गेलं, खोऱ्यातलंच दुसरं शहर अंदिजान उझबेकांकडे. त्यात शिरगणतीही डळमळीत: ‘तुम्ही कोण?’ विचारलं की कुणी धर्म सांगे, कुणी गाव. किपचाक आणि कुरामा हे मधले गट कुणात धरायचे, हा घोळ वेगळाच.

ही एका देशातली अंतर्गत हद्द होती, त्यामुळे कालवे, रस्ते, कुरणं खुशाल आरपार गेली. 1991 नंतर नेमकं तेच नडलं. ताजिक-किर्गिझ सीमेच्या वादात ताजिक बाजू 1920च्या दशकातले नकाशे पुढे करी, किर्गिझ बाजू 1950च्या दशकातले. दोन्ही सरकारीच! 2021 आणि 2022 मध्ये त्या सीमेवरच्या चकमकींत माणसं मेली. करार झाला मार्च 2025 मध्ये. सोख नावाचा तुकडा तर कमालच आहे: मालकी उझबेकिस्तानची, चहूकडून किर्गिझस्तान, आणि रहिवासी जवळपास सगळे फारसी वळणाची भाषा बोलणारे ताजिक.

ओशहून अंदिजान जेमतेम 50 किलोमीटर, वाटेत दोस्तुक नाका. किर्गिझ व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडलात की तो संपला; परतायला नवा लागतो. घड्याळही बदला. ओश भारतापेक्षा अर्धा तास पुढे, अंदिजान अर्धा तास मागे. जाताना एक तास हाती लागतो, येताना तोच जातो. संध्याकाळी ओशहून विमान असेल तर निघण्याची वेळ ओशच्या घड्याळानं धरा.