सातपर्यंत श्वास रोखा म्हणे!

त्या श्वासाच्या ॲपवरचा राग अजून गेला नाहीये म्हणून लिहितेय. दिवाळीनंतर मला रात्री एकदम धडधड व्हायला लागली, ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले अँग्झायटी आहे, काउन्सेलरना भेटा. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची. तोवर भाच्याने फोनमध्ये श्वासाचं ॲप टाकून दिलं, "मावशी, हे कर, बरं वाटेल."

चार मोजत श्वास घ्या, सात मोजेपर्यंत रोखा, आठ मोजत सोडा. ॲपमधली बाई इतक्या गोड आवाजात "साँस रोकिए" म्हणायची आणि माझा पाचलाच जीव घाबरा. स्क्रीनवर निळा गोळा फुगून तसाच थांबलेला, आणि बाईंना सहा म्हणायची काही घाईच नाही! मग सुटका झाली की मी हापापल्यासारखा मोठ्ठा श्वास घ्यायचे, सोडायचेही भसकन. एका रात्री तिसऱ्या फेरीलाच बोटांना मुंग्या, ओठ बधिर. मला वाटलं, आलाच अटॅक. यांना हाका मारतेय तर हे खाली दांडियाबाजारात सेव-उसळ आणायला गेलेले, आणि हातातला फोन म्हणतोय "बहुत बढ़िया!" तरी मी नऊ दिवस ते रेटलं, कारण एक दिवस चुकला की ॲप म्हणे तुमची साखळी तुटली, आणि मी पडले हट्टी.

काउन्सेलर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, रोखायला कोणी सांगितलं? रोखायची गरजच नाही म्हणे. मी मोठे मोठे श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी करत होते, त्यानेच मुंग्या येतात. चारात घ्या, सहात सोडा, नाकानेच, छोटा श्वास. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सोडणं लांबलं की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचे ठोके जरा मंदावतात, सगळी गंमत सोडण्यात आहे. हे ॲपच्या बाईला सांगता आलं नसतं?

आडवं पडून पोटावर स्टीलची वाटी ठेवायची, छाती नाही, वाटी वर-खाली झाली पाहिजे. पहिल्या दिवशी घसरून खण्णकन फरशीवर पडली, हे झोपेतून दचकून उठले, मग त्यांचीच धडधड. पण पाच मिनिटं रोज केलं, तीनेक आठवड्यांत रात्रीची झोप लागायला लागली. मधेच सुचलं म्हणून, धडधड झाल्यावर पहिल्यांदा शिकायला जाऊ नका, बरं असताना दुपारी सवय करा. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. आणि छातीत दुखत असेल तर वाटीबिटी नंतर, आधी डॉक्टर.

तीन आठवडे थांबायची वेळ आली तर मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, 14416, फुकट, चोवीस तास, 2022 पासून चालू आहे. मला तेव्हा कोणी सांगितला नाही.

आणि हो, जेवून लगेच करू नका, वाटी पोटावर टिकतच नाही.