फॉरमॅट मारूनही न गेलेलं दुखणं

ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात माझा कॉम्प्युटर निळा पडायला लागला. घरूनच डीटीपीची कामं करतो, त्यामुळे मशीन बंद म्हणजे दुकान बंद. ब्राउझरवर दिवसभर काही व्हायचं नाही. पण शंभर पानांची फाइल फोटोंसकट उघडली की कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी पडदा निळा. खालचा मजकूरही दर वेळी वेगळा. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', एकदा 'पेज फॉल्ट'. रोज नवं कारण म्हटल्यावर मीही मुळाकडे बघायचं सोडून ड्रायव्हर बदलत बसलो.

दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून टाका." मारला. एक दिवस बरा गेला. मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा बदलला, तेही वाया गेलं. त्याने रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी असलेली पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासूनही दिले. हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय, आणि संपर्क खराब असेल तर खरंच लागू पडतो. इथे नाही पडला.

डोक्यात ट्यूब पेटली ती एका झिप फाइलमुळे. तीच फाइल, त्याच डिस्कवरची. एकदा उघडताना 'सीआरसी' (फाइल शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) चुकल्याची तक्रार, लगेच पुन्हा उघडली तर ठणठणीत. डिस्कवरच बिघडलेली असती तर दर वेळी तक्रार यायला हवी होती. म्हणजे गडबड वाचल्यानंतर, वाटेत कुठेतरी होत होती.

विंडोजमधली मेमरी तपासणी आधी चालवली. तिने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम घेतला. हा विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे जवळपास सगळी मेमरी त्याला तपासता येते. पहिला तासभर शून्य चुका. मी चहा ठेवायला गेलो, परत आलो तर पडद्यावर लाल ओळी. मेमरीत लिहिलेलं आणि परत वाचलेलं यांत फरक फक्त एका बिटाचा (एका शून्य-एकचा), आणि पत्ते सगळे एकमेकांच्या शेजारचे! आठ जीबीच्या एका पट्टीत सुमारे 6,870 कोटी बिट असतात. त्यातले मूठभर सडले होते. विंडोजने तो तुकडा ज्याला दिला तो प्रोग्रॅम मरायचा, म्हणून रोज नवं नाव.

पण पट्टी कोणती? माझ्याकडे आठ-आठच्या दोन. पत्ता आठ जीबीच्या वरचा होता, म्हणून दुसरीच खराब असं मी ठरवूनही टाकलं होतं. ते चुकीचं. जोडीने चालताना डेटा दोन्ही पट्ट्यांवर आलटून पालटून वाटला जातो, नुसत्या पत्त्यावरून पट्टी कळत नाही.

आधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी ही रॅम जास्त वेगाने चालवणारी सोय बंद केली, म्हणजे रॅम 3200 ऐवजी तिच्या साध्या वेगाने चालेल. चुका तशाच. मग वायर काढली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला आणि एकच पट्टी ठेवून चाचणी लावली. (रॅम हलवल्यावर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळाच राहिला. घाम फुटला, पण बोर्ड नव्या मांडणीशी जुळवून घेत होता.) पहिली पट्टी रात्रभर स्वच्छ. दुसरी वीस मिनिटांत लाल. तरी थांबलो नाही: चांगली पट्टी दुसरीच्या खाचेत घातली, खराब पहिलीच्या. चूक पट्टीबरोबर गेली. खाचेत राहिली असती तर खर्च मदरबोर्डचा होता.

कंपनीने वॉरंटीत जोडीच्या दोन्ही पट्ट्या मागवल्या, तोवर एक पट्टी उसनी घेऊन काम रेटलं. बदली जोडी आल्यावर तिलाही आधी रात्रभर मेमटेस्टवर बसवलं.

मग त्या तीन आठवड्यांत सेव्ह केलेलं सगळं एकेक उघडून बघितलं. दोन फोटो अर्ध्यापासून खाली करडे निघाले, बॅकअपमध्येही तसेच, कारण कॉपी त्याच मशीनवरून झालेली. संपादकांना फोन लावला, "साहेब, मुखपृष्ठाचा मूळ फोटो परत पाठवता का?"